गरिबाचा वकील आणि कंपनीची आठ पत्रं

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झालेल्या बोलण्याचा मजकूर. पेरणीमुळे ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत.)



कलमं सकाळी झाली. आता एक गोष्ट सांगतो. गोष्ट परदेशातली आहे, अमेरिकेतली. पुस्तक इंग्रजी. आमच्यातल्या एकाने ते वाचायचं आणि थांबून थांबून मराठीत सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं रोज रात्री जेवणानंतर चाललं. पहिल्या दोन रात्री निम्मे झोपले. तिसऱ्या रात्रीपासून कंदिलातलं रॉकेल संपलं तरी कुणी उठेना. म्हणून वाटलं, तुम्हालाही सांगावी.

पुस्तकाचं नाव 'द रेनमेकर'. लिहिणारा जॉन ग्रिशम. हा माणूस आधी स्वतः वकील होता, मिसिसिपी राज्यात छोट्या गावी वकिली करायचा, तिथल्या विधानसभेत निवडूनही गेला होता. त्याची पहिली कादंबरी १९८९ साली आली, ती फक्त पाच हजार छापली होती. नंतरच्या पुस्तकांनी त्याला जगभर ओळख दिली. हे पुस्तक १९९५ सालचं. त्यावर १९९७ मध्ये सिनेमाही निघाला.

रेनमेकर म्हणजे पाऊस पाडणारा. आपल्याकडे पाऊस पडेना झाला की गाव देवाला साकडं घालतं, भगत बसतो. तिकडे वकिलांच्या धंद्यात पाऊस पाडणारा म्हणजे जो ऑफिसात पैशांचा पाऊस पाडतो तो वकील! हे सांगितल्यावर आमच्या एका आजीने विचारलं, मग तो पाऊस कुणाच्या शेतावर पडतो? पुस्तकभर हा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला.

आता गोष्ट.

मेम्फिस नावाचं शहर. तिथे डॉट ब्लॅक नावाची बाई. गरीब घर. नवरा लढाईतून डोक्याला मार लागून आलेला, परसात एक जुनी मोडकी गाडी आहे त्यात दिवसभर बसून असतो. दोन मुलगे, जुळे. डॉट दर आठवड्याला १८ डॉलर भरून विम्याची पॉलिसी चालवते. कंपनीचं नाव ग्रेट बेनिफिट, म्हणजे 'मोठा लाभ'. हिचा माणूस गरीब वस्तीत दारोदार फिरून पॉलिसी विकतो. श्रीमंताच्या दाराला ही कंपनी जात नाही, कारण श्रीमंत कागद वाचून घेतो आणि नाकारलं तर लगेच वकील लावतो.

एक मुलगा, डॉनी रे, वय बावीस, त्याला रक्ताचा कॅन्सर होतो. उपाय आहे. हाडातला मगज दुसऱ्याचा घालायचा. आणि देणारा घरातच आहे, जुळा भाऊ, तंतोतंत जुळणारा. फक्त पैसा पाहिजे, आणि तो पॉलिसीतून मिळायला पाहिजे. डॉट दावा लावते.

कंपनी नाही म्हणते. ती परत लिहिते. परत नाही. कधी म्हणतात आजार आधीपासूनचा होता. कधी म्हणतात मुलगा सज्ञान झाला, आता घरातला धरता येत नाही. कधी म्हणतात हा उपचार पॉलिसीत बसत नाही. प्रत्येक वेळी नवं कारण. सात वेळा नाकारलं. आठव्या वेळी पत्र आलं त्यात सरळ त्या बाईलाच मूर्ख म्हटलंय. एकदा नाही, तोच शब्द तीनदा लिहून.

इथे आमच्या वाचनाला पहिला खंड पडला. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं, आमचा दावा 'पुरावा नाही' म्हणून परत आला, पुरावा जोडला तर 'नकाशात बसत नाही' म्हणून आला. कुणी म्हणालं, मला तर कारणच लिहून दिलं नाही, तोंडी सांगितलं, तुझं नाव यादीत नाही, जा. विमा वेगळा, जमीन वेगळी, हे आम्हालाही कळतं. पण कागद आत जातो आणि नकार बाहेर येतो, मध्ये काय घडतं ते दिसत नाही, हा अनुभव त्या बाईचा आणि आपला एकच.

डॉटने मात्र एक गोष्ट केली. आठही पत्रं जपून ठेवली. रागाने चुलीत घातली नाहीत. पुढचा सगळा खटला त्या पत्रांवर उभा राहिला.

आता वकील. रुडी बेलर नावाचा पोरगा, वकिलीचं शेवटचं वर्ष चालू, कर्जात बुडालेला, रात्री दारूच्या गुत्त्यात नोकरी. म्हाताऱ्या माणसांना फुकट सल्ला द्यायचा असा कॉलेजचा एक तास असतो, त्यात त्याला डॉट भेटते. त्याला एका लहान ऑफिसात नोकरी मिळणार असते, ते ऑफिस शहरातल्या बड्या वकिलांच्या कंपनीत विलीन होतं आणि नोकरी जाते. मग एका बदनाम वकिलाकडे लागतो, तर तो वकील पोलिसांच्या भीतीने पळून जातो. शेवटी रुडी आणि डेक शिफलेट असे दोघं मिळून एक खोली भाड्याने घेतात. हा डेक कसा? वकिलीच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झालेला, बुटका, दवाखान्यांत फिरून हातपाय मोडलेल्या माणसांच्या खाटेशी जाऊन सह्या घेणारा. आपल्या तहसील कचेरीबाहेर झाडाखाली बसणारे, फॉर्म भरून देतो म्हणून पैसे घेणारे जे असतात, त्यांतलाच. पण चांगल्या बाजूला लागला की हाच माणूस केवढा उपयोगी! कोणता कागद कुठे सापडेल, कंपनीतून कोण काढली गेली, ती आता कुठे राहते, हे सगळं तोच शोधून काढतो.

समोर कोण? लिओ ड्रमंड. तीस वर्षांचा अनुभव, मागे पाच-सहा वकिलांची फौज, हातात कातडी बॅगा. आणि रुडीने आयुष्यात एकही खटला चालवलेला नाही. कोर्टात कुठे उभं राहायचं तेही त्याला बघून बघून शिकावं लागतं. पहिला न्यायाधीश ड्रमंडच्या ओळखीचा, अशा खटल्यांचा राग असलेला. तो मध्येच हृदयविकाराने मरतो आणि त्याच्या जागी टायरोन किप्लर येतो, काळा माणूस, आधी नागरी हक्कांचे खटले लढलेला. आमच्यातले काही म्हणाले, हे लेखकाने सोपं करून घेतलं, न्यायाधीश मेला नसता तर? बरोबर आहे. सिनेमात आणि कादंबरीत न्यायाधीश वेळेवर मरतात. आपल्याकडे त्यांची बदली होते आणि तारीख पुढे जाते.

एक गंमतीचा भाग सांगतो, ऐकणारे हसून लोळले होते. रुडीच्या ऑफिसातल्या फोनमध्ये चोरून ऐकायचं यंत्र सापडतं. ते काढून फेकायच्या ऐवजी हे दोघं ते तसंच ठेवतात आणि मुद्दाम खोटा फोन करवतात, जणू पंचांच्या यादीतला एक माणूस रुडीशी गुपचूप बोलतोय. (अमेरिकेत साधी बारा माणसं पंच म्हणून बसतात आणि निकाल देतात, त्याला ज्यूरी म्हणतात. आपल्याकडेही ही पद्धत होती. मुंबईतल्या १९५९ च्या नानावटी खटल्यात ज्यूरीने आरोपीला निर्दोष ठरवलं आणि न्यायाधीशांनी ते मानलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं. पुढे ती पद्धत बंद झाली.) तर, तो खोटा फोन खरा समजून ड्रमंड भर कोर्टात त्या निरपराध माणसावर आरोप करायला लागतो, त्या माणसाचं डोकं फिरतं, तो अंगावर धावून जातो, आणि बड्या वकिलाची सगळ्यांदेखत शोभा होते.

हसून झाल्यावर वाद झाला. बाया म्हणाल्या, ही लबाडी नाही का? ज्या बिचाऱ्या माणसाचं नाव वापरलं त्याला काय माहीत? पोरं म्हणाली, समोरचा फोन चोरून ऐकतो, त्याला असंच पाहिजे. आमचं मत सांगायचं तर बायांच्या बाजूचं. अशा युक्त्या गोष्टीत गोड लागतात. आपण हे कधी करू नये, कारण आपण एकदा खोटे ठरलो तर आपला खरा कागदसुद्धा खोटा धरला जातो. त्यांच्याकडे पुन्हा उभं राहायला पैसा आहे. आपल्याकडे शब्द आहे, तेवढाच.

आता मुख्य गाठ. कंपनी आत काय करत होती?

कंपनीत एक खातं दावे बघणारं आणि दुसरं खातं पॉलिसी तपासणारं. प्रत्येक खात्याला काम कसं करायचं याची पुस्तिका. दोन्ही पुस्तिकांत शेवटी एक गुप्त भाग घातलेला, 'यू' नावाचा. एकेक वाचला तर काही वाटत नाही. दोन्ही एकत्र ठेवून वाचले की कळतं: फाईल या खात्याने त्या खात्याकडे पाठवायची, त्या खात्याने परत याच्याकडे, आणि पैसे कुणीच द्यायचे नाहीत. वर वरूनच ठरलं होतं की एक वर्षभर या पॉलिसींचे दावे आले की नाकारत सुटायचं, बघू किती माणसं भांडतात. बहुतेक भांडत नाहीत. त्या एका वर्षात अकरा हजारांच्या आसपास दावे आले आणि नऊ हजारांच्या वर नाकारले, असं कोर्टात निघतं. कोर्टाला दिलेल्या पुस्तिकेतून तो 'यू' भाग काढून टाकलेला होता. तो बाहेर आला एका बाईमुळे. जॅकी नाव तिचं, डॉटचा दावा तिच्याच टेबलावर होता. साहेबांनी तिला छळलं, नोकरीवरून घालवलं, गप्प बसायला लावलं. डेकने तिला शोधलं आणि तिने साक्ष दिली.

साथींनो, आम्ही या जागी सगळ्यांत जास्त वेळ थांबलो, आणि आत्ताही थांबतो.

नऊ हजार माणसं. प्रत्येकाच्या घरी एक पत्र. प्रत्येकाने ते वाचून काय म्हटलं असेल? माझाच कागद कमी पडला. मला लिहिता येत नाही म्हणून असं झालं. माझं नशीब. शेजारच्या घरातही तसंच पत्र पडलंय हे कुणाला माहीत नाही. कंपनीचा सगळा खेळ यावर उभा होता की ही माणसं एकमेकांना भेटणार नाहीत. आणि पुस्तकाचं नवल बघा, शेवटपर्यंत ती भेटत नाहीतच. नऊ हजार माणसं गोष्टीत फक्त आकडा म्हणून येतात. लेखक हुशार, कोर्ट त्याने बरोबर रंगवलंय, पण वस्ती त्याला दिसली नाही. डॉटची एकही शेजारीण कोर्टात येऊन बसत नाही. एकटी बाई, एकटा वकील. म्हणून आम्ही म्हणतो, वकिलाची गोष्ट म्हणून पुस्तक चांगलं, लोकांची गोष्ट म्हणून अर्धं.

आपल्याकडे ग्रामसभा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवातच ग्रामसभेतून होते. म्हणजे नाकारलेले कागद एका जागी, एका घोंगडीवर पसरून बघता येतात. एका पाड्याच्या सोळा नकारांवर एकाच हस्ताक्षरात, एकाच शब्दांत तेच कारण असेल, तर ते सोळा माणसांचे सोळा दोष कसे? तो आपला 'यू' भाग आहे. तो शोधायला जॅकी भेटायची वाट बघावी लागत नाही, चटईभर जागा लागते.

कायदा काय म्हणतो ते सकाळी सांगितलंच, पण गोष्टीच्या निमित्ताने पुन्हा. दावा नाकारला किंवा कमी केला तर तो निर्णय कारणासह दावेदाराला कळवायला पाहिजे. कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय तुमच्या विरुद्ध निकाल देता येत नाही. पुरावा म्हणजे फक्त सरकारी कागद नव्हे. गावच्या म्हाताऱ्यांचं लिहून घेतलेलं म्हणणं पुरावा आहे. शेताचा बांध, घर, झोपडी, हेही पुरावा. १३ डिसेंबर २००५ च्या आधी गार्डाने फाडलेली दंडाची पावती असेल तर ती सोन्यासारखी जपा. ज्या कागदाने आपल्याला गुन्हेगार ठरवलं तोच कागद सांगतो की त्या साली आपण त्या जमिनीत होतो.

आणि तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने नाकारलेल्या दावेदारांना जंगलातून काढायचा हुकूम दिला, तेव्हा देशभर किती घरांत चूल पेटली नाही ते आठवा. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली, आणि कोर्टाने राज्यांना विचारलं, नाकारताना रीत पाळली होती का ते सांगा. म्हणजे पुन्हा तिथेच. डॉटची आठ पत्रं.

पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डॉनी रे मेला. खटला उभा राहायच्या आधी. त्याची साक्ष त्याच्या घरीच घेऊन ठेवली होती, ती पुढे कोर्टात दाखवली. मध्ये कंपनीने पैसे देऊ केले, मग वाढवून देऊ केले. डॉट नाही म्हणाली.

घ्यायला पाहिजे होते की नाही, यावर आमच्यात एक अख्खी रात्र गेली. एक जण म्हणाला, पोरगा तर परत येत नाही, घरात खायला नाही, घ्यावे. ज्यांच्या घरात असं मरण झालंय त्या एका बाईने सांगितलं, ती रक्कम घेतली असती तर डॉटला रोज तोच पैसा खाताना पोरगा दिसला असता. आम्ही यावर निवाडा देणार नाही. तडजोड वाईटच असं आम्ही मानत नाही, कधी कधी करावी लागते. पण ती कुणी ठरवायची? पुस्तकात रुडी प्रत्येक वेळी जाऊन डॉटला विचारतो, रक्कम सांगतो, आणि ती म्हणेल तसं करतो. त्याला स्वतःला त्यातून तिसरा हिस्सा मिळाला असता, आणि त्याच्या खिशात भाड्याचे पैसे नव्हते, तरी. (तिकडे वकील जिंकल्यावर हिस्सा घेतो. आपल्याकडे वकिलाला असा हिस्सा ठरवून घेता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. कुणी वकील 'जमीन मिळाली की अर्धी माझी' म्हणाला तर ते चालत नाही हे त्याला सांगा.) वकील कितीही चांगला असो, कितीही आपला असो, जमीन ज्याची आहे त्याने ठरवायचं. रुडीमधला आम्हाला सगळ्यांत आवडलेला गुण हा, भाषणं नव्हेत.

आणखी एक, पैसा नाही म्हणून वकील नाही असं कुणी बसू नये. १९८७ च्या कायद्याने आदिवासी माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे साधा अर्ज करायचा. येणारा वकील रुडी निघेल की आणखी कुणी, हे आपण त्याला किती तयार कागद देतो यावरही अवलंबून आहे. कागद नसता तर रुडीही काय करणार होता?

निकाल लागतो. पंच म्हणतात, नुकसानीचे दोन लाख डॉलर आणि वर कंपनीला शिक्षा म्हणून पाच कोटी डॉलर. सगळीकडे बातम्या. आमच्याकडे टाळ्या पडल्या, एकाने तर थाळी वाजवली. वाचणारा म्हणाला, थांबा, अजून पानं आहेत.

कंपनीच्या मालकांनी आतला पैसा आधीच लंपास केलेला असतो. कंपनी दिवाळं काढते. डॉटला एक पैसा मिळत नाही. रुडीला मिळत नाही. कंपनी मात्र संपते, आणि डॉट म्हणते, मला तेवढंच पाहिजे होतं. रुडी वकिली सोडतो आणि शहर सोडून जातो.

थाळी वाजवणारा पोरगा खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, आमच्या आज्याला जमिनीचा कागद मिळाला होता, सातबारावर नाव अजून नाही. तसंच ना?

तसंच. फक्त रुडी निघून गेला ते आम्हाला पटलं नाही. तो एकटा होता, थकला, त्याला जावंसं वाटलं, हे समजतं. पण ती नऊ हजार पत्रं अजून त्या घरांमध्येच पडून आहेत.

पुस्तक ऑफिसातल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलंय. ज्या पाड्यावर इंग्रजी वाचणारं पोरगं असेल त्यांनी घेऊन जावं, रोज रात्री थोडं सांगावं, आणि पावसाच्या आत परत आणून द्यावं. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने नाकारलेला कागद घेऊन यायचा. भिजलेला, फाटलेला, उंदराने खाल्लेला, कसाही चालेल. कागदच दिला नसेल तर ज्या दिवशी तोंडी सांगितलं तो दिवस आणि कोण कोण सोबत होतं ते आठवून या. घोंगडी आम्ही आणतो.